मामांच्या यागडपँथरवर पांढरी भुकटी आली आहे, पुसू की नको?

तेरेखोलकाठ:

नमस्कार मंडळी. मी पेडणे तालुक्यातली, घर कोरगावला. रणगाड्यांतलं मला फारसं कळत नाही, पण एक मॉडेल माझ्या ताब्यात आलंय आणि ते माझ्या डोळ्यांदेखत बिघडतंय, म्हणून विचारते.

माझे मामा बोटीवर होते. बोट बंदराला लागली की बाकीचे लोक घरच्यांसाठी साबण, परफ्यूम, चॉकलेटं घ्यायचे आणि मामा मॉडेलचं दुकान शोधत फिरायचे. त्यांनी जमवलेली बरीच मॉडेलं भाच्या-पुतण्यांत वाटली गेली. ही एक मात्र त्यांनी कुणाला दिली नाही. दुसऱ्या महायुद्धातली जर्मनांची रणगाडे फोडायची गाडी, यागडपँथर. वीसेक वर्षांपूर्वी अँटवर्पला घेतलेली. खालचं धूड धातूचं आहे, चांगलं जड. वरचा भाग, चाकं आणि तोफ प्लास्टिकची. चाकांभोवतीचे पट्टे रबरासारखे मऊ. खोकं आणि आतली पुस्तिकाही आहे, पण खोक्याच्या कडा कसरीनं खाल्ल्यात.

मामा आता आमच्याकडेच असतात. काचबिंदूमुळे दिसायचं जवळजवळ बंद झालंय. संध्याकाळी गाडी मागून घेतात, मांडीवर ठेवतात आणि समोरच्या तिरप्या पत्र्यावरून बोटं फिरवतात. त्या पत्र्यावर बारीक आडव्या खाचा आहेत, ओल्या गिलाव्यावर कंगवा ओढावा तशा. ‘हे नॉर्मंडीचं’, असं म्हणतात. म्हणजे नेमकं काय, ते मला सांगता येत नाही.

गेल्या चवथीच्या आधी सुताराकडून नवीन शोकेस करून घेतलं. प्लायवूड, आतून लॅमिनेट, सरकती काच. पावसाळाभर ते बंदच होतं. आईनं कपाटात ठेवतो तशा डांबराच्या गोळ्या त्यातही टाकल्या. पाऊस ओसरल्यावर गाडी बाहेर काढली तर पोटाखाली आणि मागच्या बाजूला पांढरी भुकटी, काही ठिकाणी मिठासारखा खरखरीत थर. पट्ट्यांना हात लावला की बोट चिकटतं. पट्टा चाकांवर टेकतो तिथं चाकाचं प्लास्टिक मऊ पडून खळगे झालेत. शोकेस उघडलं की आंबूस वास येतो, तो वेगळाच.

बाबा म्हणतात, समई घासतो तशी चिंचेनं घासून टाक. गावात गाड्यांना रंग मारणारा एक जण म्हणतो, सगळं खरवडून नवा रंग मारून देतो, एकदम चकाचक. मला दोन्हींची भीती वाटते. ही बुरशी आहे का? गाडी वाचेल का? आणि मामांचं ‘नॉर्मंडीचं’ म्हणणं बरोबर आहे का, तेही कुणी सांगितलं तर फार बरं होईल.

शुक्रवारचा_बाजार:

बुरशीच ती. आमच्याकडे म्हापशाला पावसात चपला, पट्टे, कॅमेऱ्याची बॅग, सगळ्यावर येते. डेटॉलच्या पाण्यात फडकं पिळून पुसा, दोन दिवस कडक उन्हात ठेवा आणि वरून लॅकरचा फवारा मारा. परत यायची नाही.

बेतीचा_धक्का:

बाय, आज त्या गाडीला पाणी, चिंच, सँडपेपर यातलं काहीही लावू नकोस. ऊनही नको. म्हापशाच्या भावानं मनापासून सांगितलंय, चामड्याच्या चपलांना ते ठीक आहे. पण तू लिहिलेल्या लक्षणांवरून ही बुरशी वाटत नाही, आणि कडक उन्हानं तुझे पट्टे आणखी पाझरतील.

आधी माझं सांगतो, म्हणजे मी हे कशाच्या जोरावर बोलतोय ते कळेल. माझी नोकरी मांडवीच्या काठावर, खाणींचं खनिज वाहणाऱ्या बार्जी दुरुस्त करणाऱ्या यार्डात होती, रंगकामाला. बार्ज धक्क्यावर ओढून घेतली की तिच्या बुडाला, पंख्याजवळ जस्ताचे ठोकळे लावायचे. आम्ही त्यांना नुसतं ‘झिंक’ म्हणायचो. खाऱ्या पाण्यात लोखंड गंजण्याआधी जस्त झिजतं आणि बार्जीचं बूड वाचतं. त्या ठोकळ्यांवर रंगाचा ब्रश जाता कामा नये, रंग लागला की त्यांचं काम थांबतं. बार्ज पुन्हा वर आली की ते ठोकळे अर्धे खाल्लेले आणि वर पांढरा खरखरीत थर. तू लिहिलेला ‘मिठासारखा थर’ वाचला आणि तेच डोळ्यांसमोर आलं. २०१२ साली खाणी बंद झाल्या, बार्जी नांगरून पडल्या, यार्डात काम उरलं नाही. तेव्हापासून मॉडेलं दुरुस्त करण्यात माझा वेळ जातो.

तुझ्या गाडीचं खालचं धूड जस्ताच्या मिश्रधातूचं असणार. साच्यात ओतून केलेल्या अशा मॉडेलांत तोच धातू असतो: जस्त, थोडं ॲल्युमिनियम, थोडं तांबं. त्याला दोन प्रकारचे आजार होतात आणि दोन्हींत भुकटी दिसू शकते. तुला कुठला झालाय हे कळेपर्यंत हात लावायचा नाही, एवढंच माझं म्हणणं.

पहिला आजार वरवरचा. दमट हवा, मीठ आणि आम्लाची वाफ मिळून जस्ताचा पृष्ठभाग खातात. आम्ल कुठून आलं म्हणशील, तर तुझ्या नव्या शोकेसमधून. नवं प्लायवूड आणि सुतारकामाचा पांढरा गोंद बरेच महिने वाफ सोडत राहतात, तोच तो आंबूस वास. उघड्यावर ती वाफ उडून जाते. तू काच सरकवून चार महिने बंद ठेवलंस, बाहेर पेडण्याचा पाऊस, आत वाफ कोंडलेली. लॅमिनेट वरून असलं तरी कापलेल्या कडा आणि मागची फळी उघडीच असते, बघ. धातूचं मॉडेल नव्या लाकडी पेटीत बंद करून ठेवणं मला उघड्या फळीवर ठेवण्यापेक्षा जास्त धोक्याचं वाटतं. लोक धुळीला भितात आणि पेटी घट्ट करत जातात. धूळ ब्रशनं निघते, खाल्लेला धातू परत येत नाही.

दुसरा आजार आतला. धातू ओतताना त्यात शिशाचा वगैरे थोडासा जरी अंश राहिला तर वर्षानुवर्षांनी धातूच्या कणांमधले सांधे आतून खात जातात. धातू फुगतो, रंगावर फोड येतात, बारीक भेगांचं जाळं पडतं, वस्तू वाकते आणि शेवटी हातात बिस्किटासारखी तुटते. महायुद्धाआधीच्या खेळण्यांत हा आजार फार. १९२९ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी झिंक कंपनीनं अतिशुद्ध जस्त वापरून ‘झामाक’ मिश्रधातू आणले, ते याच कारणानं. पण शुद्धता सांभाळली नाही तर नव्या मालातही तो होतो. त्याच्यावर औषध नाही. कोरड्या, थंड जागी ठेवून वेग कमी करता येतो, इतकंच.

आता तपासायचं कसं. भिंग घे, टॉर्च आडवा धर. पांढऱ्यात तंतू दिसले, कापसासारखं मऊ आणि करडं-हिरवट असेल तर बुरशी, ती खाली खड्डा न ठेवता पुसली जाते. कण कडक असतील आणि कोरड्या मऊ ब्रशनं झटकल्यावर खाली बारीक टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसले तर ते जस्ताचे क्षार, म्हणजे पहिला आजार. आणि भुकटी नसलेल्या ठिकाणीही रंगाखाली फुगवटा किंवा कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा दिसल्या तर दुसरा. त्याची आणखी एक खूण म्हणजे धूड लांबतं. वरचा प्लास्टिकचा भाग त्यावर बसेनासा होतो, सांध्यात फट पडते. तेव्हा एक मोजपट्टी घे आणि दोन मापं पाठव. तोफेच्या टोकापासून मागच्या पत्र्यापर्यंतची पूर्ण लांबी, आणि तोफ सोडून नुसत्या धूडाची. त्यावरून मॉडेलचं प्रमाणही कळेल.

भुकटी झटकताना खाली वर्तमानपत्र अंथर, नाकाला रुमाल बांध, नंतर हात धू. मामांच्या हातात तोवर देऊ नकोस, ते बोटांनीच बघतात.

चिंचेचं सांगतो. चिंच, बिंबल, आमसूल, लिंबू, व्हिनेगर, सगळी आम्लंच. पितळेवरचा काळा थर ती काढतात आणि पितळ टिकतं. जस्त मात्र त्यात विरघळतं. बाबांना सांग, समई चिंचेनं घासा, ही नको.

डांबराच्या गोळ्या आजच काढ. कपड्यांना ठीक, पण त्यांची वाफ प्लास्टिकच्या मॉडेलांना मऊ करते. चाकांवरच्या खळग्यांत त्यांचा हात असू शकतो. मुख्य कारण मात्र पट्टेच. मऊ पीव्हीसीला लवचिक ठेवायला त्यात तेलासारखा एक पदार्थ मिसळलेला असतो. उष्णतेनं आणि वयानं तो बाहेर पाझरतो, म्हणून पट्टा चिकटतो. आणि तोच पदार्थ चाकाच्या प्लास्टिकमध्ये मुरून त्याला विरघळवतो.

रंगाऱ्याला नाही म्हणून सांग. मी स्वतः रंगारी आहे, तरी हेच सांगीन. समोरच्या पत्र्यावरच्या ज्या खाचा मामा बोटांनी वाचतात त्या नव्या रंगाच्या दोन हातांत बुजून जातील. आणि जमवणारे लोक मूळ रंग, मूळ खोकं बघतात. खोकंही फेकू नकोस.

फोंडा_३५:

बेतीच्या दादांनी धातूचं सगळं सांगितलं, त्यात मला घालायला काही नाही. मी ‘नॉर्मंडीचं’ या प्रश्नाकडे वळतो, कारण मला मामांचं म्हणणं वाचून फार आनंद झाला. दिसत नसताना माणूस गाडीचा काळ बोटांनी ओळखतोय.

त्या खाचा म्हणजे झिमेरिट. जर्मन सैन्याकडे रणगाड्याला चुंबकानं चिकटवायचे सुरुंग होते. उद्या शत्रूनंही तसेच वापरले तर, या भीतीनं ते आपल्या गाड्यांना कारखान्यातच एक जाड लेप देऊ लागले. लेपामुळे चुंबक पोलादापासून लांब राहतो, आणि खाचांमुळे ते अंतर आणखी वाढतं. सप्टेंबर १९४४ मध्ये लेप द्यायचं थांबवलं, कारण गोळा लागला की तो पेट घेतो अशी भीती पसरली होती. यागडपँथरचं उत्पादन जानेवारी १९४४ मध्ये ब्राउनश्वाइगच्या मिआग कारखान्यात सुरू झालं आणि एप्रिल १९४५ पर्यंत चाललं. म्हणजे झिमेरिट असलेली गाडी पहिल्या आठ-नऊ महिन्यांतली. नॉर्मंडीत, म्हणजे फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्याच्या भागात, जर्मनांच्या ६५४ क्रमांकाच्या रणगाडाविरोधी तुकडीकडे होत्या त्या याच काळातल्या.

३० जुलै १९४४. ब्रिटिशांची ‘ब्लूकोट’ मोहीम सुरू झाली त्याच दिवशी, कोमाँ गावाच्या दक्षिणेला, या तुकडीच्या तीन यागडपँथर झाडीतून पुढे आल्या आणि त्यांनी काही मिनिटांत ब्रिटिशांच्या स्कॉट्स गार्ड्स पलटणीचे अकरा चर्चिल रणगाडे निकामी केले. चर्चिल कसा दिसतो हे बघायचं असेल तर महाराष्ट्रात अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात उभा आहे. जाड कातडीचा, संथ रणगाडा. तिथंच ब्रिटिशांची आर्चरही आहे, तीही रणगाडे फोडायचीच गाडी, पण तोफ मागच्या दिशेला तोंड केलेली. यागडपँथरच्या शेजारी आर्चरचा फोटो ठेवून बघा. एकच काम दोन देशांनी किती वेगळ्या डोक्यानं सोडवलं ते दिसतं.

जर्मनांचं उत्तर असं होतं: पँथर रणगाड्याचा सांगाडा घ्यायचा, फिरता मनोरा काढून टाकायचा, आणि पुढचा पत्रा खालपासून वरपर्यंत एकसलग तिरपा न्यायचा. मनोऱ्यात न मावणारी ८८ मिलिमीटरची लांब नळीची पाक ४३ तोफ मग त्यात बसते. पुढचा पत्रा ८० मिलिमीटरचा, पण उभ्या रेषेपासून ५५ अंश झुकलेला, म्हणून समोरून येणाऱ्या गोळ्याला जवळजवळ १४० मिलिमीटर पोलाद आडवं येतं. मामांची बोटं ज्यावरून फिरतात तो हाच पत्रा. किंमत अशी मोजावी लागली की तोफ डावी-उजवीकडे प्रत्येकी अकरा अंशच वळते. त्यापलीकडे नेम धरायचा तर सगळी ४५ टनांची गाडी वळवायची.

आता तुमच्या मॉडेलवर तीन गोष्टी बघा. तोफ जिथून पत्र्याबाहेर येते तिथली कॉलर पातळ आणि गुळगुळीत आहे की जाड आणि मोठ्या बोल्टांची? चालकासमोर पेरिस्कोपची भोकं दोन की एक? चाकाच्या कडेला बोल्ट किती? बारीक कॉलर ही सुरुवातीच्या गाड्यांची खूण, जाड बोल्टवाली नंतरची. दोन भोकं अगदी पहिल्या गाड्यांना होती, पुढे एकच ठेवलं. चाकाला २४ बोल्ट असायला हवेत. १६ बोल्टांची चाकं आधीच्या पँथर रणगाड्यांवर असायची.

कागदबोट:

मला मॉडेलचं काही कळत नाही, पण एक विचारावंसं वाटतं, राग मानू नका. नाझी सैन्याची गाडी घरात, देवघराच्या भिंतीपलीकडे शोकेसमध्ये मांडायची, हे तुम्हाला खटकत नाही का?

बेतीचा_धक्का:

खटकतं, आणि खटकायलाच हवं. १९४४ मधला जर्मन शस्त्रांचा कारखाना म्हणजे पोलंड, रशिया, फ्रान्समधून धरून आणलेले मजूर आणि छळछावण्यांतले कैदी. या गाडीचा लोखंडी सुबकपणा बघताना ते विसरायचं नाही. म्हणून मी माझ्या प्रत्येक मॉडेलच्या खाली एक चिठ्ठी ठेवतो. गाडी कुठली, कधीची, कुणाच्या सैन्याची, कुणाच्या श्रमानं झाली आणि कुणावर चालली. यागडपँथरच्या चिठ्ठीत त्या अकरा चर्चिलमधल्या पोरांचाही उल्लेख असतो. बाजूवरचा काळा-पांढरा क्रूस जर्मन सैन्याची ओळखखूण आहे. घरी येणारी पोरं देवळाजवळच्या खुरसाशी, म्हणजे ख्रिस्ती क्रूसाशी, त्याचं नातं लावतात, त्यांना बसवून सांगावं लागतं.

आणि ते युद्ध गोव्यापासून लांब होतं असंही नाही. ९ मार्च १९४३ च्या रात्री मुरगाव बंदरात आश्रयाला उभ्या असलेल्या ‘एरेनफेल्स’ या जर्मन जहाजावर कलकत्त्याहून आलेल्या ब्रिटिश स्वयंसेवकांनी छापा घातला होता. त्या जहाजावरून पाणबुड्यांना बिनतारी संदेश जात असल्याचा संशय होता. मुरगावला बोटी बघत मोठी झालेली पोरं पुढे बोटीवर गेली, त्यातल्या एखाद्यानं अँटवर्पच्या दुकानात जर्मन गाडीपाशी थबकावं, यात मला नवल वाटत नाही.

तेरेखोलकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुपारी उजेडात बसून सांगितल्याप्रमाणे बघितलं.

भिंगातून तंतू दिसले नाहीत. कण कडक आहेत. मऊ ब्रशनं झटकल्यावर खाली बारीक खड्डे, आणि ते फक्त शोकेसच्या फळीकडे असलेल्या बाजूला, म्हणजे पोटाला आणि मागच्या पत्र्याला. वरच्या बाजूला धातूचा जो भाग दिसतो तिथं रंग जसाच्या तसा, भेगा नाहीत, फोड नाहीत. वरचा भाग घट्ट बसतोय, फट नाही. पूर्ण लांबी ३०.८ सेंटिमीटर. नुसतं धूड साडेएकवीसला जरासं कमी.

कॉलर पातळ आणि गुळगुळीत आहे. चालकासमोर एकच भोक. चाकाला बोल्ट २४. हे सगळं वाचून दाखवलं तर मामा म्हणाले, ‘मग, मी काय सांगत होतो?’ आणि त्यांनी तीन गाड्यांची ती सगळी लढाई मला पुन्हा सांगितली, झाडी कुठे, चढ कुठे, सगळं.

आंबूस वास प्लायवूडच्या मागच्या कडेलाच जास्त येतो. आता पुढे काय करू? पट्टे काढायचे कसे? आणि मामांना रोज हातात घ्यायची असते, त्याचं काय?

फोंडा_३५:

९.८७ मीटर भागिले ३२, बरोबर ३०.८ सेंटिमीटर. म्हणजे १:३२ प्रमाण. १:३५ असतं तर २८.२ भरलं असतं. धूडही खऱ्या गाडीच्या ६.८७ मीटरला बरोबर जुळतं, फुगलेलं नाही. आणि पातळ कॉलर, एक भोक, वर झिमेरिट, म्हणजे १९४४ च्या वसंत-उन्हाळ्यातली गाडी. मामांना माझा नमस्कार सांगा.

बेतीचा_धक्का:

मापं बघून जीव भांड्यात पडला. वरवरचा आजार आहे, गाडी वाचेल.

पट्टे आधी. जबरदस्तीनं ओढू नकोस. बहुतेक पट्ट्यांना एक जोड असतो, एका कडीची टोकं दुसरीत दाबून बसवलेली किंवा बारीक पिन घातलेली. तो सहसा खालच्या बाजूला किंवा पुढच्या दातेरी चाकाजवळ सापडतो. जोड मिळाला तर लाकडी टूथपिकनं हळू सोडव. नाही मिळाला आणि दातेरी चाक निघत असेल तर ते काढून पट्टा सैल कर. दोन्ही जमेना तर पट्टा तसाच राहू दे आणि पुढचं कर.

निघालेले पट्टे कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून मऊ ब्रशनं धू, सावलीत पूर्ण वाळव. थिनर किंवा नेलपॉलिश काढायचं पाणी जवळसुद्धा आणू नकोस. मग नळाच्या आट्यांना प्लंबर गुंडाळतो ती पांढरी टेफ्लॉनची पट्टी आण. कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळते. चाकं आणि पट्टा जिथं एकमेकांना टेकतात तिथं ती मधे घाल, सगळ्या चाकांवरून एक लांब पट्टी फिरवली तरी चालते. टेफ्लॉनमधून तो चिकट पदार्थ पलीकडे जात नाही. यागडपँथरची चाकं एकात एक घुसवलेली असतात, बाजूला आठ-आठ जोड्या, त्यामुळे बाहेरून पांढरं फारसं दिसत नाही. खऱ्या गाडीत त्याच फटींत रशियाच्या हिवाळ्यात चिखल गोठायचा आणि गाडी जागची हलायची नाही. चाकांवरच्या खळग्यांना हात लावू नकोस, ते पट्ट्याखाली झाकले जातात.

धातूला पाणी लावायची गरज नाही. कोरडा ब्रश, आणि खड्ड्यांत बसलेलं काही निघत नसेल तर लाकडी टूथपिकचं टोक. मग खाल्लेल्या भागावर मायक्रोक्रिस्टलाइन मेण अगदी पातळ, मऊ कपड्यानं. हे मेण फक्त पोटाखाली. वरच्या मॅट रंगावर लावलंस तर तिथं चकाकी येईल आणि ती जाणार नाही. खोबरेल किंवा मशीनचं तेल नको, धूळ चिकटते. लॅकरचा फवाराही नको. आत क्षार आणि ओल असताना वरून झाकण घातलं तर खाणं आतल्या आत चालू राहतं. यार्डात ओल्या पत्र्यावर रंग मारायला आम्ही कधी तयार व्हायचो नाही, त्याचं कारण हेच.

शोकेस बाहेर पडवीत काढ, दारं उघडी टाक, वास जाईपर्यंत तसंच राहू दे. त्याला महिने लागतील. नंतरही त्यात धातूचं काही ठेवू नकोस, पुस्तकं, काचेच्या वस्तू ठेव. गाडीसाठी मी दोन ऋतूंचा हिशेब सांगतो. दिवाळीनंतर ते मेपर्यंत उघड्या फळीवर किंवा काचेच्या कपाटात, उन्हापासून लांब, समुद्राकडच्या खिडकीपासूनही लांब. मे महिन्यात पुरमेंताचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं, सामान भरायला घेतलं की त्याच दिवसांत, हवा कोरडी असताना, गाडी हवाबंद पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यात घालायची. स्वयंपाकघरातले रबरी कडेचे मोठे डबे येतात ते चालतात, फक्त मऊ पीव्हीसीचे नकोत. आत रंग बदलणारं सिलिका जेल पुरचुंडीत बांधून, गाडीला टेकणार नाही असं. नारिंगीचं हिरवं झालं की ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर सुकवून परत वापरायचं. आत एक छोटा आर्द्रतामापक टाक. काटा साठच्या वर जाऊ लागला की जेल बदलायची वेळ झाली. उघड्या कपाटात मात्र सिलिका जेल ठेवून काही उपयोग नाही, ते अख्ख्या गोव्याची हवा कोरडी करायला निघतं.

काही घरांत कपाटात छोटा बल्ब पेटता ठेवतात. धातूला त्यानं बरं वाटतं, पण त्याच उबेत पट्टे जास्त पाझरतात. म्हणून या गाडीला तो उपाय मी सांगणार नाही.

मामांचं विचारलंस. त्यांच्या हातातून गाडी काढून घेऊ नकोस. घामात मीठ असतं हे खरं, पण त्यांची बोटं फिरतात ती वरच्या प्लास्टिकवर, तिथं काही होत नाही. मांडीवर सुती फडकं घालून गाडी द्यायची, हात आधी धुऊन पुसायचे, नंतर पोटाकडून कोरड्या कपड्यानं एकदा पुसायची. पावसाळ्यातही अधूनमधून डबा उघडून द्यायला हरकत नाही, फक्त लगेच बंद करायचा आणि जेल बघायचं.

खोक्यासाठी: कसर लागलेल्या कडा झटक, जुनं खोकं आम्लमुक्त कागदात गुंडाळून वेगळ्या डब्यात ठेव, गाडी त्यात नको. आणि पट्टे काढलेस तर डावा कुठला, उजवा कुठला ते चिठ्ठीवर लिहून पट्ट्यांसोबत ठेव. कड्यांची बाहेरची बाजू कुठल्या दिशेला होती त्याचा काढण्याआधी फोटो घे, परत बसवताना तोच लागतो.